तिसऱ्या वर्षीची कमाई : कौशल्य विकास मंत्र्यांना एक खुले पत्र

मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,



ज्याची नोकरीची सारी वर्षे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत, जोडारी व्यवसायाच्या मुलांच्या हाती कानस देण्यात आणि तिचा रेटा समतोल कसा ठेवावा हे सांगण्यात गेली, आणि जो आज निवृत्तिवेतनावर असला तरी चाकण, वाळूज, बुटीबोरी व शिरोली येथे पांगलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या योगक्षेमापासून मनाने निवृत्त होऊ शकलेला नाही, अशा एका शिल्पनिदेशकाचे हे पत्र आहे. आपल्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडावे म्हणून ते लिहिलेले नाही. प्रत्यक्ष कामाच्या जागी मिळणारे शिक्षण हेच कारागिराचे खरे शिक्षण, असे मी जन्मभर मानीत आलो, आणि गेल्या दहा वर्षांत केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांनी त्यासाठी जी तरतूद केली ती पाहून मला मनापासून समाधान वाटते. परंतु त्या तरतुदीचे फळ मोजण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो सदोष आहे. किती आस्थापनांनी नोंदणी केली, किती उमेदवार रुजू झाले आणि किती कोटींचे विद्यावेतन अदा झाले, हा तपशील आपल्याकडे तत्परतेने जमवला जातो. मात्र ज्या आस्थापनेत मुलगा शिकला ती सोडून तीन वर्षे लोटल्यावर महिनाअखेर त्याच्या हातात काय पडते, हा प्रश्न, ज्याच्या उत्तराच्या आशेने त्याच्या आईबापांनी त्याला संस्थेत घातले तो प्रश्न, कोणी विचारीत नाही. तो विचारला जावा, आणि पैसा वाटण्याची रीत त्याच्या उत्तराला अनुसरून बदलावी, ही माझी विनंती आहे.

आयटीआयचा पाया १९५० सालच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेने घातला गेला आणि संस्थेतील शिक्षणाला कारखान्यातील अनुभवाची जोड मिळावी म्हणून संसदेने १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत केला. त्याचे नियम पुढे पुष्कळदा बदलले. २०१४ च्या दुरुस्तीने कसूर करणाऱ्या मालकासाठी असलेली कारावासाची शिक्षा काढून टाकली. २०१९ च्या नियमांनी ३० वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि त्यांचे किमान विद्यावेतन पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. विहित विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, देण्याचे केंद्र सरकारने २०१६ साली पत्करले. २०२१ साली महाराष्ट्राने आपली स्वतंत्र प्रोत्साहन योजना काढून त्यात भर घातली. आणि २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, जिच्यात बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा थेट राज्याच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. हेतू स्तुत्य आहे आणि रकमाही क्षुल्लक नाहीत.

कामाच्या जागीच शिकावे लागते असे नेमके काय असते, हे ज्यांनी हत्यार धरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संस्थेत जोडारीचा मुलगा पहिले कित्येक महिने कानस चालवतो. लोखंडाच्या तुकड्याची एक बाजू सपाट करायची, दुसरी तिच्याशी काटकोनात आणायची, गुण्या लावून तो तुकडा खिडकीच्या दिशेने धरायचा आणि गुण्याच्या पात्याखालून उजेडाची रेघ दिसते का ते पाहायचे. दिसली की तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये आणि मुलगा पुन्हा कानशीवर. या शिक्षणाचे मोल मी जाणतो, कारण हाताला शिस्त लागते ती त्यानेच. परंतु पंप आणि मोटर यांचे कपलिंग डायल गेज लावून एका रेषेत आणणे, बेअरिंग किती तापवले असता शाफ्टवर सहज बसेल आणि कितीच्या पुढे तापवले असता निकामी होईल याचा अंदाज बांधणे, किंवा चालू यंत्राच्या आवाजातला किंचितसा फरक ऐकून कोणता भाग आता दगा देणार हे ओळखणे, या गोष्टी जेथे यंत्रे केवळ शिकण्यासाठी चालतात तेथे येत नाहीत. ज्याचे यंत्र बंद पडल्याने तासातासाला नुकसान होत आहे असा मालक आणि ज्याला ते पाळी संपण्याच्या आत सुरू करून द्यायचे आहे असा मिस्त्री, या दोघांच्या सान्निध्यात उभे राहिल्याशिवाय ती विद्या अंगी बाणत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना उभारला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील, यंत्राशी कधी संबंध न आलेल्या माणसांच्या हातून त्यांनी लोखंडी नांगर घडवून घेतले. त्या माणसांची शाळा तो कारखानाच होता.

तेव्हा कामाच्या जागी कौशल्य येते की नाही, हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. त्या कौशल्याचे रूपांतर टिकाऊ कमाईत कोणत्या अटींवर होते हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि त्याचा आजवरचा एक अत्यंत काटेकोर शोध युगांडात घेतला गेला. आपल्याकडे त्या देशाचे नाव सहसा अशा संदर्भात निघत नाही. पण तरुणांची प्रचंड संख्या, छोट्या कार्यशाळांचे प्राबल्य आणि ठोस नोकरीची वाण या तिन्ही बाबतींत तो आपल्याला परका नाही. ओरियाना बंदिएरा, रॉबिन बर्जेस, इम्रान रसूल आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तेथील सुमारे १,७०० तरुण आणि १,५०० छोटी आस्थापने यांचा चार वर्षे मागोवा घेतला. वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, वीजजोडणी, नळकाम, शिवणकाम अशा व्यवसायांत काही तरुणांना सहा महिने प्रशिक्षण संस्थेत शिकवले. काहींना तितकेच महिने सरळ एखाद्या आस्थापनेत ठेवून त्यांच्या प्रशिक्षणासाठी मालकाला अनुदान दिले. आणि काहींना यांपैकी काहीच दिले नाही. कोणाच्या वाट्याला काय यावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगावर सोपवले असल्याने, पुढे जो फरक दिसला तो मुलांच्या मुळातल्या हुशारीमुळे होता असे म्हणण्यास जागा उरली नाही.

२०२० साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले या अभ्यासाचे निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या जन्मभराच्या श्रद्धेला ते अर्धवट पोषक आणि अर्धवट विरोधी वाटले. दोन्ही रीतींनी शिकलेल्यांना व्यवसायाचे कौशल्य सारखेच आले, आणि काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत दोघांचीही स्थिती सुधारली. पण आस्थापनेत शिकलेल्यांचा लाभ लवकर दिसला आणि वर्षागणिक ओसरत गेला, तर संस्थेत शिकलेल्यांचा लाभ सावकाश उगवला आणि टिकून राहिला. शेवटी रोजगार आणि कमाई या दोन्हींत संस्थेतली मुले आस्थापनेतल्या मुलांच्या पुढे निघून गेली. आपण पहिल्या वर्षीच हिशेब मिटवला असता तर निष्कर्ष उलटा निघाला असता, ही गोष्ट आपल्या खात्याच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगी आहे.

याचे जे कारण त्या अभ्यासकांनी दाखवले, ते मी चाळीस वेळा डोळ्यांनी पाहिलेले आणि तरीही कधी शब्दांत न मांडलेले असे आहे. दोघांचीही पहिली नोकरी केव्हा ना केव्हा सुटली, कारण छोट्या आस्थापनांत नोकऱ्या सुटतच असतात. नोकरी सुटल्यावर संस्थेतल्या मुलाला नव्या कामाचे बोलावणे अधिक वेगाने आले. त्याच्या हातात त्याच्या कौशल्याचा दाखला होता आणि परक्या मालकाला तो वाचता येत होता. आस्थापनेतल्या मुलाच्या हातात तेच कौशल्य होते. पण ते ज्याने पाहिले होते तो एकटा मालक मागे राहिला होता, आणि नव्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलाला आपण काय जाणतो हे सिद्ध करण्यास साधन नव्हते. कमाई वाढते ती एकाच ठिकाणी चिकटून बसल्याने क्वचितच. एका कामावरून त्याहून बऱ्या कामावर जाण्याने वाढते, आणि त्या प्रत्येक पायरीवर माणसाला आपली ओळख नव्याने पटवावी लागते.

आता आपल्याकडील परिस्थिती या उजेडात पाहावी. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. या दोन्ही तरतुदींमागे सयुक्तिक कारणे आहेत आणि त्या रद्द कराव्यात असे मी म्हणत नाही. पण त्यांचा एकत्रित परिणाम असा होतो की, मुदत संपते त्या दिवशी मुलगा जे घेऊन बाहेर पडतो, ते सर्वस्वी त्याच्या डोक्यात, हातात आणि कागदावर असते, आणि त्यांपैकी कागद जर पोकळ असेल तर डोके आणि हात कोणी तपासून पाहत नाही. नेमलेल्या व्यवसायांसाठी अखेरची परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र यांची तरतूद आहे. ती जेथे नेकीने पाळली जाते तेथील मुले पुढे चांगली निघाल्याचे मी पाहिले आहे. परंतु वर्षभराचे शिक्षण आणि अखेरची परीक्षा यांच्या मध्ये जो काळ जातो त्याच्यावर कोणाची नजर असते? उमेदवाराने रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी आणि वरिष्ठाने ती तपासून सही करावी, असा रिवाज आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने एका मोठ्या आस्थापनेतली आपली नोंदवही मला आणून दाखवली. पहिल्या पंधरवड्यात यंत्रांची नावे, सुरक्षेचे नियम, एक दोन रेखाचित्रे, अक्षर नेटके. त्यानंतर पानामागून पान एकच ओळ: ‘असेंब्ली लाइनवर बोल्ट टाइट केले.’ प्रत्येक पानाच्या तळाशी तीच सही, आणि शाईवरून कळत होते की त्या सगळ्या सह्या एका बैठकीत झाल्या होत्या. तो मुलगा आळशी नव्हता. त्याने खरे तेच लिहिले होते. वर्षाच्या अखेरीस त्याला बोल्ट उत्तम आवळता येत होते आणि बाकी जे काही येत होते ते त्याने आमच्याकडून नेलेले होते.

हे मालकाच्या दुष्टपणाने होते असे मी मानीत नाही, आणि या बाबतीत जे आवेशाने बोलतात त्यांनी भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दहा माणसांच्या कार्यशाळेत एकदा बसून पाहावे असे मला वाटते. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात जी गोष्ट तर्काने मांडली, ती तो मालक अनुभवाने जाणतो: जे कौशल्य सर्व कारखान्यांत सारखेच उपयोगी पडते ते शिकवण्याचा खर्च मालकाने करावा तरी का, जर शिकून तयार झालेला मुलगा उद्या शेजारच्या गाळ्यात दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून निघून जाणार असेल? सीएनसी यंत्रावर नवा हात बसवायचा म्हणजे मोडणारी टूले, वाया जाणारे जॉब आणि मिस्त्रीचा बुडणारा वेळ, हे सारे त्याच्या खिशातून जाते. म्हणून तो आपल्यापुरते, आपल्या यंत्रापुरते, आजच्या गरजेपुरते शिकवतो, आणि त्याच्या जागी असतो तर आपणही तेच केले असते. सार्वजनिक पैशाचे औचित्य येथेच उत्पन्न होते: जे शिक्षण मुलाला सर्वत्र नेता येते पण जे देण्यात मालकाचा तोटा आहे, त्याचा भार समाजाने उचलावा. मात्र आज सरकार विद्यावेतनाचा वाटा उचलते तो मुलाच्या हजेरीवर, आणि हजेरी तर बोल्ट आवळणाऱ्या मुलाचीही पूर्ण असते.

घानातील एका प्रयोगाने या चित्रात आणखी एक बाजू भरली आहे. त्या देशात मालकाला फी देऊन त्याच्याकडे कित्येक वर्षे उमेदवारी करण्याची जुनी परंपरा आहे. सरकारने राष्ट्रीय उमेदवारी कार्यक्रम काढून शिवणकाम, केशभूषा यांसारख्या व्यवसायांत गरीब तरुणांसाठी तो खर्च उचलला. मॉर्गन हार्डी, आयझॅक एम्बिटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम तपासला तेव्हा असे आढळले की, उमेदवारी केलेले तरुण पगारी कामातून बाहेर पडून स्वतःच्या छोट्या धंद्याकडे वळले, आणि निदान प्रारंभीच्या काळात तरी त्या धंद्याच्या नफ्याने गेलेल्या मजुरीची भरपाई झाली नाही. सरासरीवर थांबले असते तर त्यांनी हा कार्यक्रम बुडीत ठरवला असता. पण ज्या मुलांना अत्यंत अनुभवी किंवा अत्यंत यशस्वी उस्ताद लाभले त्यांची कमाई वाढली, इतकी की सरासरी तोटा भरून निघून वर उरले. शिकवणारा माणूस कोण, यावर शिकणाऱ्याचे उत्पन्न इतके अवलंबून असावे हे कोणाही गवयाच्या किंवा पैलवानाच्या घराण्यात नवे वाटणार नाही. आपल्या शासन निर्णयांत मात्र आस्थापनेची पात्रता तिच्या मनुष्यबळावरून ठरते, आणि ज्या मिस्त्रीच्या शेजारी मुलगा वर्षभर उभा राहणार त्याचे नावही कोणत्या रकान्यात भरावे लागत नाही. त्या मिस्त्रीला शिकवण्याबद्दल एक पैसा जादा मिळत नाही. उलट त्याच्या कामाचा कोटा तोच राहतो आणि शिकाऊ मुलामुळे तो मागे पडतो. अशा स्थितीतही जे मिस्त्री शिकवतात त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. माझे पुष्कळ विद्यार्थी आज जे काही आहेत ते त्यांच्यामुळे आहेत.

संस्था की कारखाना, असा पक्ष घ्यायला लावणारा प्रश्नच मुळात खोटा आहे, हे कोलंबियाच्या अनुभवाने मला पटले. त्या देशाने २००१ ते २००५ या काळात शहरी गरीब तरुणांसाठी ‘होवेनेस एन आक्सिओन’ हा कार्यक्रम चालवला: तीन महिने वर्गात आणि नंतर तीन महिने नोंदणीकृत कंपनीत प्रत्यक्ष काम. ओराझिओ अतानासिओ, अॅड्रियाना कुग्लर आणि कोस्तास मेघीर यांनी, येथेही चिठ्ठीच्याच न्यायाने, त्याची पाहणी केली असता प्रशिक्षणाची संधी मिळालेल्या स्त्रियांची कमाई संधी न मिळालेल्या स्त्रियांपेक्षा १९.६ टक्क्यांनी अधिक भरली, आणि हा लाभ मुख्यतः नोंदणीकृत, कायद्याच्या कक्षेतील नोकऱ्यांत होता. पुढील अभ्यासात तो बरीच वर्षे टिकून राहिल्याचेही दिसले. आयव्हरी कोस्टमध्ये पारंपरिक उमेदवारीला वर्गातील शिक्षणाची जोड देऊन अनुदानित करण्यात आले, तेथेही काही वर्षांनी तरुणांची कमाई वाढली आणि त्यांच्या हाती अधिक गुंतागुंतीची कामे आली. वर्ग, कारखाना आणि परक्यालाही वाचता येईल असा दाखला ही तिन्ही जेथे एकत्र आली तेथे पैसा फळला, असा या सर्वांचा माझ्यापुरता निष्कर्ष आहे.

कोलंबियातील लाभ स्त्रियांच्या पदरात अधिक पडला, याचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या आयटीआयत मुली येतात, वीजतंत्री आणि यंत्र कारागीर या व्यवसायांतही आता येऊ लागल्या आहेत, आणि त्यांची कानस मुलांहून स्थिर चालते असे कित्येक निदेशक सांगतील. पण उमेदवारीच्या वर्षात त्या गळतात. परभणीची किंवा यवतमाळची मुलगी चाकणला आली तर कॉट बेसिसवर खोली आणि मेसचा डबा यांतच विद्यावेतनाचा मोठा भाग संपतो. दुसऱ्या पाळीनंतर कंपनीची बस तिला चौकात सोडते आणि पुढचा अर्धा कोस तिचा तिने चालायचा असतो. बाप फोनवर एवढेच विचारतो की, महिन्याला उरते काय, आणि उरत काहीच नाही हे कळल्यावर पुढच्या सुट्टीत तिला परत पाठवीत नाही. औद्योगिक वसाहतींत उमेदवार मुलींसाठी वसतिगृहे बांधण्यास राज्याकडे जमीनही आहे आणि महामंडळही आहे. या एका खर्चाबद्दल मला कोणत्याही पाहणीची वाट पाहावीशी वाटत नाही.

युवा कार्य प्रशिक्षण योजनेविषयी लिहिताना मला थोडे जपून लिहावेसे वाटते, कारण हजारो घरांत त्या रकमेने आधार दिला आहे आणि तो आधार खरा आहे. परंतु ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसील कचेरीत जे तरुण बसले, त्यांना तेथे कोणता व्यवसाय शिकवायचा होता, त्याचा अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कोण घेणार, हे ठरलेले नव्हते. मुदत संपताच ते तरुण आम्हाला कायम करा म्हणत मोर्चे घेऊन निघाले, मुदतवाढ द्यावी लागली, आणि वाढीव मुदतही संपली. त्या मोर्चांना मी दोष देत नाही. ज्या प्रमाणपत्रावर अमुक कार्यालयात अमुक महिने होता इतकेच सिद्ध होते, ते घेऊन दुसऱ्या दारी जाता येत नाही, हे त्यांनी आपल्यापेक्षा लवकर ओळखले. म्हणून ज्या दारात होते तेथेच राहू द्या, असे ते म्हणाले. युगांडातील मुलांचे जे झाले तेच, फक्त आपल्याकडे ते रस्त्यावर दिसले.

तर माझे म्हणणे असे की, राज्याचा पैसा ज्या ज्या कार्यप्रशिक्षणावर लागतो, मग ते अधिनियमाखालील असो वा आपल्या स्वतःच्या योजनेखालील, त्याच्या शेवटी त्रयस्थाने घेतलेली हातची परीक्षा असावी. परीक्षक आस्थापनेचा नसावा, परीक्षा लेखी नसावी, आणि दाखल्यावर उमेदवाराने कोणकोणती कामे परीक्षकासमोर करून दाखवली त्यांची नावे मराठीत व इंग्रजीत लिहिलेली असावीत, म्हणजे रांजणगावच्या व्यवस्थापकालाही तो कळेल आणि दोह्याच्या मुकादमालाही. अनुदानाचा काही हिस्सा हजेरीवर द्यावा, कारण मुलाचे पोट रोजचे आहे. पण आस्थापनेला मिळणारा उरलेला हिस्सा मुलाने ती परीक्षा उत्तीर्ण केल्यावरच द्यावा. कोलंबियात प्रशिक्षण संस्थांचा मोबदला मुलांनी प्रशिक्षण पूर्ण करण्याशी बांधलेला होता. आपल्याला त्याच्या एक पाऊल पुढे जाता येईल. प्रत्येक करारपत्रावर शिकवणाऱ्या मिस्त्रीचे नाव यावे, आणि त्याच्या हाताखालचा मुलगा उत्तीर्ण झाला की त्या मिस्त्रीला, मालकाच्या मार्फत नव्हे तर थेट त्याच्या खात्यात, मानधन जमा व्हावे. वर्षाचे पाच सहा हजार रुपये जरी मिळाले, तरी कारखान्याच्या मजल्यावर शिकवण्याला जी प्रतिष्ठा येईल ती कोणत्याही परिपत्रकाने येणार नाही.

आणि मग तिसऱ्या वर्षीच्या कमाईची नोंद. अधिनियमाखालील उमेदवाराची भविष्य निर्वाह निधीची कपात होत नाही. ती सुरू होते पहिल्या खऱ्या नोकरीच्या दिवशी. याचा अर्थ त्या निधीच्या दप्तरात मुलगा केव्हा कामाला लागला, किती आस्थापना बदलल्या आणि कोणत्या वेतनावर, याची तारीखवार साखळी आधीच तयार आहे. केंद्राशी करार करून, मुलांच्या संमतीने आणि नावे गुप्त ठेवून, ती उमेदवारीच्या नोंदीशी जोडता येईल. जे मुलगे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकतात किंवा नोंदणी नसलेल्या कार्यशाळेत राहतात त्यांना हे दप्तर ओळखत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक संस्थेने आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ठरावीक भागाला दरवर्षी गाठून विचारावे लागेल, आणि हे काम कारकुनावर न टाकता शिल्पनिदेशकावर टाकावे, कारण त्याच्याशी मुलगा खरे बोलतो. जी माहिती येईल ती आस्थापनानिहाय व व्यवसायनिहाय दरवर्षी जाहीर करावी. कोणत्या कारखान्यात शिकलेली मुले तीन वर्षांनी काय कमावतात हे एकदा छापून आले, की दहावीनंतर कोठे जावे या विचारात पडलेल्या मुलाला आणि त्याच्या बापाला आज जे कोणी सांगत नाही ते आपोआप कळेल, आणि बोल्ट आवळण्यासाठी वर्षभर मुले घेणाऱ्या आस्थापनेला पुढच्या वर्षी मुले मिळणार नाहीत.

पहिल्या पाहणीसाठी नव्या तुकडीची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२२ साली उमेदवारीची मुदत पूर्ण केलेल्यांची तीन वर्षे भरली आहेत, त्यांचे करार आपल्या खात्याच्या नोंदीत आहेत आणि बहुतेकांचे दूरध्वनी क्रमांक संस्थांकडे आहेत. मनुष्यबळाची अडचण सांगण्यात येईल, म्हणून हेही लिहून ठेवतो की, प्रत्येक जिल्ह्यात माझ्यासारखे निवृत्त शिल्पनिदेशक आहेत, ज्यांना आपल्या मुलांची नावे अजून पाठ आहेत. आपण जिल्हा कौशल्य विकास कार्यालयांना तसे आदेश दिल्यास एका व्यवसायाच्या एका तुकडीची विचारपूस आम्ही विनामोबदला करून देऊ. माझ्या वाट्याला जोडारी यावा इतकीच अट आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक